पडद्यावरचे बाबासाहेब आणि चांद्याची माणसे



१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या मोबाईलवर तीस-चाळीस सेकंदांचे व्हिडिओ फिरायला लागतात. सूट, गोल चष्मा, खणखणीत आवाज, मागे संगीत आणि खाली ओळ, 'बाबासाहेबांचे शब्द'. आपली पोरं ते स्टेटसला ठेवतात, बॅनरवर त्यातलाच फोटो छापतात. बऱ्याच वेळा तो चेहरा बाबासाहेबांचा नसतो, मामुट्टी या मल्याळी नटाचा असतो. आणि ते शब्दही बाबासाहेबांच्या भाषणातले नसतात, पटकथाकारांनी लिहिलेले संवाद असतात.

यात पोरांचा दोष काढायला हा लेख लिहिलेला नाही. उलट एखाद्या नटाची भूमिका इतकी अंगात मुरते की लोक त्यालाच मूळ माणूस समजतात, तेव्हा त्या नटाने मोठे काम केले असे म्हणावे लागेल. पण आपण चळवळीची माणसे आहोत. आपल्याला चित्रपट आणि इतिहास यांतला फरक कळला पाहिजे. तो कळला नाही तर उद्या कोणीही आपल्या हातात हवे ते बाबासाहेब देईल आणि आपण ते फॉरवर्ड करत बसू.

म्हणून डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाबद्दल, त्यातल्या मामुट्टींच्या भूमिकेबद्दल आणि त्या चित्रपटाच्या चौकटीबाहेर राहिलेल्या आपल्या माणसांबद्दल आम्ही इथे सविस्तर मांडणार आहोत.

हा चित्रपट का करावा लागला?

१९८२ साली रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' आला. त्यात भारत सरकारचा पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत गुंतला होता. बेन किंग्जले यांना ऑस्कर मिळाले, चित्रपटाला एकूण आठ ऑस्कर मिळाले. जगभरातल्या लोकांनी भारताचा स्वातंत्र्यलढा म्हणून तो चित्रपट पाहिला. तीन तासांहून जास्त लांबीच्या त्या चित्रपटात नेहरू आहेत, पटेल आहेत, जिना आहेत, मौलाना आझाद आहेत. बाबासाहेब आंबेडकर हे पात्र मात्र नाही. १९३२ चा पुणे करार नाही. ज्या उपोषणाने या देशातल्या कोट्यवधी अस्पृश्यांचे राजकीय भवितव्य बदलले, ते उपोषण त्या चित्रपटाच्या दृष्टीने घडलेच नाही.

हे नजरचुकीने राहिले असे आम्हाला वाटत नाही. बाबासाहेबांना आणले असते तर गांधींना एक प्रश्न विचारणारा माणूस पडद्यावर आला असता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाला द्यावे लागले असते. संत दाखवायचा असेल तर प्रश्न विचारणाऱ्याला दाराबाहेर ठेवणे सोपे पडते.

पुढे १९९०-९१ मध्ये बाबासाहेबांची जन्मशताब्दी आली. १९९० साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. त्या काळात या चित्रपटाचा विचार सुरू झाला. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र शासन यांच्या पैशातून, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत तो तयार झाला. पटकथेच्या कामात सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि 'बलुतं'कार दया पवार होते. दया पवार १९९६ च्या डिसेंबरमध्ये गेले, पूर्ण झालेला चित्रपट त्यांनी पाहिला नाही. छायाचित्रण अशोक मेहता यांचे, कला दिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाई यांचे. रमाईंच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी, माईसाहेबांच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी आणि गांधींच्या भूमिकेत मोहन गोखले. गोखलेही १९९९ मध्ये गेले.

१९९८ सालच्या चित्रपटांसाठी दिल्या गेलेल्या ४६व्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट, सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट कला दिग्दर्शन असे तीन पुरस्कार मिळाले. तरी तो प्रत्यक्ष प्रदर्शित व्हायला २००० साल उजाडले. तामीळ भाषेतली आवृत्ती तर २०१० च्या डिसेंबरमध्ये पडद्यावर आली, आणि तीही प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेल्यानंतर. म्हणजे जनतेच्या पैशातून बनलेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट जनतेला दाखवण्यासाठी जनतेलाच कोर्टाची पायरी चढावी लागली. 'गांधी'च्या वाट्याला असे काही आले होते का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आमच्या भागात हा चित्रपट टॉकीजमधून आला नाही. तो सीडीवरून आला, विहारातल्या टीव्हीवरून आला, नंतर पेन ड्राईव्हवरून आणि मोबाईलवरून आला. इंग्रजीत बनलेला चित्रपट आपण हिंदीत पाहिला. वितरकांनी जे केले नाही ते वस्त्यांनी केले. या चित्रपटाचा खरा वितरक आंबेडकरी समाजच आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

मामुट्टींनी काय केले?

आता मुख्य भूमिकेकडे येऊ. निवड जाहीर झाली तेव्हा अनेकांना प्रश्न पडला होता की महाराष्ट्रात नट नव्हते का? मराठी न बोलणारा, केरळातला, मिशी ही ज्याची ओळख असा नट बाबासाहेब कसा होणार? मामुट्टींनी या भूमिकेसाठी ती मिशी काढली. ते स्वतः कायद्याचे पदवीधर आहेत. आणि एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. याच नटाने अदूर गोपालकृष्णन यांच्या 'विधेयन' या चित्रपटात एका क्रूर जमीनदाराची भूमिका केली होती. माणसाला गुलाम करून ठेवणारा, त्याच्या बायकोवर हक्क सांगणारा मालक त्यांनी उभा केला आणि त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना मिळाला. मालकशाही कशी चालते, तिची नजर कशी असते, ती समोरच्याच्या पाठीचा कणा कसा वाकवते, हे त्या नटाने आतून अभ्यासले होते. काही वर्षांतच तो मालकशाहीविरुद्ध ताठ उभ्या राहिलेल्या माणसाची भूमिका करतो. हा योगायोग असेल, पण भूमिकेला त्याचा फायदा झाला असे आमचे मत आहे.

मामुट्टींच्या भूमिकेचे बळ कशात आहे? ते आरडाओरडा करत नाहीत. अपमानाच्या प्रसंगात हिंदी सिनेमातला नायक दात-ओठ खातो, मुठी आवळतो. मामुट्टींचे बाबासाहेब अपमान गिळतात, थांबतात आणि मग बोलतात. तो अपमान कुठे जातो हे आपल्याला त्यांच्या चालण्यात, बसण्यात, पुस्तक उघडण्यात दिसते. तरुण विद्यार्थ्यापासून आजाराने थकलेल्या म्हाताऱ्या माणसापर्यंतचा प्रवास ते शरीराने दाखवतात. आणि सर्वात महत्त्वाचे, ते कुठेही दयेचा विषय होत नाहीत. त्याआधीच्या भारतीय चित्रपटांत अस्पृश्य माणूस बहुतेक वेळा रडण्यासाठी, मार खाण्यासाठी किंवा सवर्ण नायकाच्या कृपेने वाचण्यासाठी येत असे. इथे तो प्रश्न विचारतो, वाद घालतो, जिंकतो. वस्तीतल्या पोराला पडद्यावर पहिल्यांदा स्वतःसारखा माणूस ताठ मानेने बसलेला दिसला. ही छोटी गोष्ट नाही. ज्यांना लहानपणापासून पडद्यावर आपलीच माणसे दिसतात त्यांना तिची किंमत कळणार नाही.

पण कौतुक करून थांबता येत नाही. बाबासाहेबांचा खरा आवाज उपलब्ध आहे. १९५५ साली बीबीसीला दिलेली त्यांची गांधींविषयीची मुलाखत ध्वनिमुद्रित आहे आणि ती कोणालाही ऐकता येते. ती ऐका आणि मग चित्रपट पाहा. मुलाखतीतले बाबासाहेब जास्त धारदार आहेत. त्यात उपरोध आहे, चीड आहे, गांधींना महात्मा म्हणायला स्पष्ट नकार आहे. प्रश्न विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून ते एक शब्दही मऊ करत नाहीत. मामुट्टींचे बाबासाहेब त्यामानाने भारदस्त आहेत, सभ्य आहेत, दुःखी आहेत. सरकारी पैशातल्या राष्ट्रीय चित्रपटाला असेच बाबासाहेब चालणार होते. घटनेचे शिल्पकार म्हणून ते सगळ्यांना चालतात. जातीच्या मुळावर घाव घालणारे बाबासाहेब सगळ्यांना चालत नाहीत.

तरीही चित्रपटाने महाडचा सत्याग्रह, मनुस्मृतीचे दहन, गोलमेज परिषद, पुणे करार, हिंदू कोड बिल आणि धर्मांतर हे सगळे एका धाग्यात आणले, हे मान्य केलेच पाहिजे. आमच्या चळवळीतले काही जण म्हणतात की हा सरकारी चित्रपट आहे, तो पाहायचीच गरज नाही. दुसरे काही म्हणतात की बाबासाहेबांवर एवढा मोठा चित्रपट दुसरा कुठे आहे, त्यावर टीका कशाला? आम्हाला दोन्ही भूमिका पटत नाहीत. चित्रपट पाहिलाच पाहिजे, आणि डोळे उघडे ठेवून पाहिला पाहिजे.

पुणे करार दोन माणसांचा होता का?

चरित्रपटाला एक नायक लागतो आणि त्याच्यासमोर तोलामोलाचा एक माणूस लागतो. त्यामुळे पुणे करार पडद्यावर येतो तेव्हा तो गांधी आणि आंबेडकर या दोन माणसांमधला पेच होतो. येरवड्याचा तुरुंग, खाटेवर गांधी, समोर बाबासाहेब. हे दृश्य परिणामकारक होते, पण इतिहास त्याहून मोठा आहे आणि त्याचा एक भाग आपल्या विदर्भात घडला आहे.

१६ ऑगस्ट १९३२ ला ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला गांधींनी उपोषण सुरू केले, २४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्याबदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. त्यातल्या २० जागा मध्य प्रांताच्या होत्या. आपला तेव्हाचा चांदा जिल्हा याच मध्य प्रांतात होता. म्हणजे येरवड्याच्या तुरुंगात जे ठरत होते त्यात आपल्या आजोबा-पणजोबांच्या मताचा हिशोब होता.

पण त्याआधी काही महिने, त्याच १९३२ साली, मद्रासचे एम. सी. राजा आणि नागपूरचे हिंदुमहासभेचे डॉ. बा. शि. मुंजे यांच्यात संयुक्त मतदारसंघाचा एक करार झाला होता. विदर्भातले अस्पृश्यांचे जुने पुढारी गणेश आक्काजी गवई त्या बाजूला होते. म्हणजे नागपूर-विदर्भात आपल्याच समाजात मोठा वाद चालू होता. स्वतंत्र मतदारसंघ की संयुक्त? हिंदू धर्मात राहून सुधारणा की बाहेरचा रस्ता? किसन फागुजी बनसोडे यांच्यासारखे, बाबासाहेबांच्या आधीपासून शाळा, छापखाना, वर्तमानपत्र यांसाठी झिजलेले लोकसुद्धा सगळ्या प्रश्नांवर बाबासाहेबांशी सहमत नव्हते. तरीही समाजाने शेवटी बाबासाहेबांची वाट निवडली. ही निवड कोणी लादली नाही. सभांमध्ये, वस्त्यांमध्ये, गिरण्यांच्या चाळींमध्ये वाद घालून ती झाली.

हे आम्ही का सांगतो? चित्रपट पाहून असे वाटते की बाबासाहेब पुढे चालले आणि लोक मागे गेले. प्रत्यक्षात लोकांनी विचार करून त्यांना नेता केले. पडद्यावरची गर्दी फक्त घोषणा देते. आपले पूर्वज गर्दी नव्हते.

विदर्भाची माणसे कुठे आहेत?

विदर्भात चळवळ इतकी घट्ट का रुजली याचे एक साधे आर्थिक कारण आहे. इथला महार समाज मोठ्या प्रमाणात जाडेभरडे कापड विणणारा होता. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे गिरणी कामगारांत आपली माणसे मोठ्या संख्येने गेली. हातात रोख पगार आला, गावच्या पाटलाची सत्ता सैल झाली, पोरं शाळेत गेली, कामगार संघटनेची सवय लागली. म्हणून १९२० साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद नागपुरात झाली, १९३० साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय परिषद नागपुरात झाली आणि १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्मही नागपुरातच झाला.

त्या १९४२ च्या परिषदेतच २० जुलैला महिलांची वेगळी परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावे, कामगार बायांना रजा मिळावी असे ठराव त्या बायांनी केले. हिंदू कोड बिल संसदेत येण्याच्या कितीतरी आधी! चित्रपटात स्त्रिया म्हणून मुख्यतः दोन व्यक्ती लक्षात राहतात, रमाई आणि माईसाहेब. दोघींचा त्याग मोठा आहे, दोघींविषयी आम्हाला आदर आहे. पण दोघी बाबासाहेबांच्या पत्नी म्हणून येतात. हिंदू कोड बिलाचा प्रसंग पाहताना तो बाबासाहेबांच्या एकट्याच्या बुद्धीतून निघाला असे वाटते. त्यामागे नागपूरच्या मांडवात बसलेल्या या बायाही होत्या, हे आपल्या मुलींना कोण सांगणार?

कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांचेही असेच. 'जय भीम' हा शब्द अभिवादन म्हणून रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १९०४ ला जन्म, १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे आमदार आणि १९३९ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी मृत्यू. त्यांच्यावर 'बोले इंडिया जय भीम' हा मराठी चित्रपट निघाला तो कमी साधनांत. त्यांचा तोच शब्द २०२१ मध्ये एका गाजलेल्या तामीळ चित्रपटाचे नाव झाला आणि जगभर गेला. पण तो शब्द कामठीचा आहे, हे तो चित्रपट पाहणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

आणखी एक गोष्ट. नायकप्रधान चित्रपटाला पराभव फार परवडत नाही. इतिहासाला पराभवही सांगावा लागतो. घटना लिहिणारा माणूस १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत पडला. १९५४ ला आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली, तिथेही काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभव झाला. राखीव जागेवर, आपल्याच लोकांच्या नावाने असलेल्या जागेवर! संयुक्त मतदारसंघ म्हणजे काय, पुणे करारात काय गेले, हे समजून घ्यायचे असेल तर येरवड्याच्या दृश्याइतकाच भंडाऱ्याचा निकाल महत्त्वाचा आहे. राखीव जागेवर कोण निवडून यावे हे आपल्या मतांनी ठरले नाही, सगळ्यांच्या मतांनी ठरले. आजही तेच ठरते आहे.

नागपूर आणि चांदा

धर्मांतर म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नागपूर येते. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, कुशीनगरचे भिक्खू चंद्रमणी, पांढऱ्या कपड्यांतला जनसागर. त्या सोहळ्यासाठी राबलेले वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी मात्र डोळ्यांपुढे येत नाहीत. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी मराठीत दीर्घ भाषण केले आणि नागपूर का निवडले हे सांगितले. संघाचे मुख्यालय तिथे आहे म्हणून नव्हे, तर ज्या नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला त्यांची ती भूमी आहे म्हणून.

आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला आले. आजारी होते, थकलेले होते, तरीही आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने चांद्यात दीक्षेचा सोहळा झाला आणि या जंगलभागातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांनी धम्म स्वीकारला. हे खोब्रागडे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ते चांद्याच्या दीक्षेनंतर फक्त ५१ दिवसांनी.

आपले नागभीड या दोन दीक्षाभूमींच्या मधोमध आहे. जंक्शन आहे. एक फाटा नागपूरकडे, एक गोंदियाकडे, एक चांद्याकडे. इथली माणसे ठरवून निघाली होती. कोणी रेल्वेने, कोणी बैलबंडीने, कोणी पायी. धानाचे दिवस होते, मजुरी बुडत होती. परत आल्यावर काय झाले? घरातले देव काढले गेले. मेलेली ढोरे ओढणे थांबले. ज्यांच्या शेतावर काम करायचे त्यांच्याच तोंडावर नाही म्हणावे लागले. सवलती गेल्या. अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावे लागले, म्हणजे पूर्ण ३४ वर्षे. तरीही माणसे परत फिरली नाहीत. चित्रपटाच्या दृष्टीने दीक्षा हा कथेचा शेवट असतो. गावातल्या माणसासाठी तिथून सुरुवात होती. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर काय झाले, हा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही.

आपला प्रेक्षक अडाणी नाही

कोणी म्हणेल, साध्या माणसाला नट आणि खरा माणूस यांतला फरक कसा कळणार? आम्ही म्हणतो, झाडीपट्टीच्या माणसाला तो सगळ्यात चांगला कळतो. आपल्याकडे हिवाळ्यात रात्र-रात्र नाटके चालतात. शंकरपट असो, मंडई असो, मंडप पडतो आणि माणसे घोंगडी घेऊन बसतात. दंडार आणि खडी गंमत पाहत इथल्या पिढ्या वाढल्या. रात्री राजा झालेला माणूस सकाळी बांधीत चिखल तुडवताना दिसतो. म्हणून त्याच्या राजेपणाला टाळी द्यायची आणि सकाळी त्याला नावाने हाक मारायची, ही समज आपल्या माणसांत आहे.

त्याआधी आंबेडकरी जलशांनी हेच केले. भीमराव कर्डकांचा जलसा असो की नंतरच्या गायन पार्ट्या, त्यांनी बाबासाहेबांचा विचार न वाचणाऱ्या माणसापर्यंत नेला. जलशात बाबासाहेबांचे सोंग घेण्यावर भर नव्हता. त्यात गावचा सावकार होता, भट होता, दारूडा नवरा होता, शाळेत जाणारी पोर होती. म्हणजे बाबासाहेबांचा विचार आपल्या जगण्यात काय बदल करतो, हे त्यात दिसत होते. चरित्रपटात एक माणूस मोठा होत जातो. जलशात ऐकणारा माणूस मोठा होत होता. आपल्याला दोन्ही हवेत, पण आता पहिलेच उरले आहे आणि दुसरे विसरत चालले आहे.

बाबासाहेबांचीच कसोटी लावू

मोठ्या माणसाकडे कसे पाहावे हे बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवले आहे. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी 'रानडे, गांधी आणि जिना' या विषयावर भाषण केले. त्यात त्यांनी विचारले की थोर पुरुष कोणाला म्हणायचे? नुसती बुद्धी किंवा नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, समाजाला पुढे नेणारा हेतू आणि समाजाची घाण साफ करण्याची तयारी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. नेत्याविषयी आदर असणे वेगळे आणि त्याच्यापुढे बुद्धी गहाण टाकणे वेगळे, हाही फरक त्यांनी केला. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी पुन्हा बजावले की राजकारणातली भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे.

हीच कसोटी या चित्रपटाला लावा. तो पाहून आपण बाबासाहेबांसमोर हात जोडून उठतो की त्यांचे एखादे पुस्तक हातात घेऊन उठतो? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांच्या रूपात छापायला सुरुवात केली. मून नागपूरचे होते. त्यांच्या कामामुळे आज बाबासाहेबांचा खरा शब्द आपल्या हातात आहे. व्हिडिओतले वाक्य खरे की पटकथेतले, हे तपासायला आपल्याकडे कसोटीचा दगड आहे. तो कपाटात ठेवायचा की वापरायचा, हे आपल्यावर आहे. आता तर कॉम्प्युटरवर कोणाचाही चेहरा आणि कोणाचाही आवाज तयार करता येतो. नटाच्या तोंडचे वाक्य बाबासाहेबांचे म्हणून खपते, तर उद्या बाबासाहेबांच्याच चेहऱ्याने त्यांच्या विरुद्ध असलेले वाक्यही खपेल. धोका लांब नाही.

म्हणून आमचे सांगणे चार गोष्टींपुरते आहे.

एक, हा चित्रपट विहारात दाखवा, पण नुसता दाखवून घरी जाऊ नका. दोन तुकडे करा. पुणे कराराच्या प्रसंगानंतर थांबा, कराराची कलमे वाचा, १४८ जागांचा आणि भंडाऱ्याच्या निकालाचा अर्थ पोरांना विचारा. शेवटी संविधान सभेतले भाषण वाचा.

दोन, व्हिडिओ टाकायचा असेल तर चित्रपटाचे आणि नटाचे नाव खाली लिहा. बाबासाहेबांचे वाक्य टाकायचे असेल तर खंड आणि पान लिहा. ते देता येत नसेल तर टाकू नका.

तीन, सरकारकडे मागणी करा. हा चित्रपट जनतेच्या पैशाचा आहे. तो स्वच्छ प्रतीत, सर्व भाषांत, मराठीतही, सर्वांना विनामूल्य मिळाला पाहिजे आणि १४ एप्रिल व ६ डिसेंबरला सरकारी वाहिनीने तो न चुकता दाखवला पाहिजे.

चार, आणि हे सर्वात तातडीचे. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो आज ऐंशी ओलांडून गेला आहे. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, चिमूर, पलीकडे आरमोरी, वडसा, गडचिरोली, प्रत्येक गावात अशी एखादी आजी, एखादे आजोबा असतील. त्यांच्याजवळ मोबाईल घेऊन बसा. कशाने गेलात, कोणासोबत गेलात, भाकर कोणती बांधली होती, घरी आल्यावर देव कोणी काढले, गावाने काय केले, हे विचारा आणि नावागावानिशी लिहून ठेवा. ज्या मोबाईलवर आपण मामुट्टींचे संवाद पाहतो, त्याच मोबाईलवर हे काम होते. खर्च काही नाही.

मामुट्टींनी आपले काम चोख केले. दूर केरळातल्या एका नटाने आपल्या बापाला पडद्यावर उभे केले, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला आपण कमी पडू नये. पण चांद्याच्या मैदानावर हात जोडून उभ्या असलेल्या त्या माणसांची भूमिका करायला दुसरा कोणी येणार नाही. ती माणसे एकेक करून चालली आहेत, आणि त्यांचे सांगणे अजून कुठेच लिहिलेले नाही. येत्या १६ ऑक्टोबरच्या आत प्रत्येक गावातून निदान एक साक्ष नोंदवू, एवढे तरी ठरवू या.

जय भीम. नमो बुद्धाय.